उताऱ्यामागचे गाव : जमीनखरेदी आणि शासकीय दस्तऐवजांचे वाचन

जमिनीच्या मालकीची हमी देणारा एकही शासकीय कागद महाराष्ट्रात अस्तित्वात नाही, हे विधान प्रथमदर्शनी धाडसी वाटले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते शब्दशः खरे आहे. सातबाराचा उतारा, आठ-अचा खाते उतारा, फेरफार, नोंदणीकृत खरेदीखत, मोजणीचा नकाशा आणि गावठाणातील मिळकत पत्रिका यांपैकी प्रत्येक कागद मालकीविषयी काही ना काही सांगतो. परंतु ही जमीन अमुक व्यक्तीचीच आहे आणि तसे न निघाल्यास खरेदीदाराच्या नुकसानीस शासन जबाबदार राहील, असे त्यांतील एकही म्हणत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याच्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीरपणे दुसरी नोंद होईपर्यंत खरी मानली जाते, आणि शासकीय अभिलेखाचे सारे बळ या ‘होईपर्यंत’मध्ये सामावलेले आहे. त्यामुळे जमीन विकत घेऊ पाहणाऱ्याने एखादा निर्णायक कागद शोधण्यापेक्षा अनेक कागदांची साक्ष परस्परांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. ती कशी पाहावी, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

या विवेचनासाठी पुणे जिल्ह्यातील कासारसाई आणि भोवतालचा मुळशी-मावळचा पट्टा समोर ठेवण्यामागे कारण आहे. मुळशी तालुक्याच्या कडेला, मावळच्या शिवेलगत वसलेल्या या गावाच्या परिसरात शेतीला पाणी देणारे धरण झाले, कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना उभा राहिला, थोड्याच अंतरावर हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान वसले, आणि 31 मार्च 2015 रोजी स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात हा भाग आला. भाताची खाचरे, उसाचे मळे, जलाशयाकाठची शेतघरे आणि ‘एनए प्लॉट’चे फलक एकाच शिवारात दिसू लागले, म्हणजे तेथील सातबाऱ्यावर भूसंपादन, पुनर्वसन, कूळकायदा, सोसायटीचे कर्ज आणि नगररचना या सर्वांचे शेरे उमटण्याची शक्यता निर्माण होते. सपाट प्रदेशातील एखाद्या निवांत गावात जे कागद दोन पिढ्या न बदलता राहतात, ते अशा पट्ट्यात दर काही वर्षांनी बदलतात, आणि बदलाच्या प्रत्येक सांध्यावर चूक, विसर किंवा लबाडी यांना वाव राहतो.

हे कागद मुळात मालकी सांगण्यासाठी जन्मलेच नाहीत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पेशवाईत मिरासदार, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला शेतकरी, आणि उपरी, म्हणजे तसा हक्क नसताना कसणारा, असा भेद होता आणि मिरासीचा हक्क मिरासपत्रांनी व गोतसभेच्या महजरांनी शाबीत केला जाई. इंग्रजी अमलात प्रश्न बदलला : हक्क कोणाचा याहून सारा कोण भरणार हे राज्यकर्त्यांना महत्त्वाचे वाटू लागले. प्रिंगल या अधिकाऱ्याची पुणे जिल्ह्यातील पहिली आकारणी जाचक व सदोष ठरल्यानंतर 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने मोजणी व प्रतवारी हाती घेतली, आणि त्यातून शेताला क्रमांक, क्रमांकाला क्षेत्र आणि क्षेत्राला ठरावीक आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम, देणारी पद्धत मुंबई इलाख्यात रुजली. कोणत्या माणसाचा कोणत्या शेतात कसला हक्क आहे याची नोंद ठेवण्याचा कायदा इलाख्यात 1903 मध्ये, म्हणजे बऱ्याच उशिरा झाला. आज ज्याला अधिकार अभिलेख म्हटले जाते त्याचे मूळ तेथे आहे. गाव नमुन्यांची एकवीस क्रमांकांची मांडणी, तिच्यातील सातवा आणि बारावा नमुना एकत्र करून दिला जाणारा उतारा, आणि जमीन धारण करणाऱ्याला ‘भोगवटादार’ म्हणण्याची रीत ही सर्व या महसुली वंशावळीची देणी आहेत. सारा वसूल करण्यासाठी घडवलेल्या साधनाकडून मालकीहक्काचा निवाडा मागितला जातो, आणि जमीनखरेदीतील बहुतेक गैरसमज या विसंगतीतून उद्भवतात.

सातबाऱ्याचा वरचा भाग गाव नमुना सात हा आहे. त्यात गट क्रमांक किंवा भूमापन क्रमांक व उपविभाग, भूधारणा पद्धती, लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराबा, आकार, खाते क्रमांक, भोगवटादाराचे नाव, कूळ व इतर अधिकार आणि फेरफारांचे क्रमांक असतात. क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर या मापांत लिहिले जाते. व्यवहार मात्र आजही गुंठ्यात बोलला जातो, आणि एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, तर एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, अर्थात 101 चौरस मीटरांहून किंचित अधिक, हा फरक क्वचितच लक्षात घेतला जातो. ‘0.40.00’ असे लिहिलेले क्षेत्र ‘एक एकर’ म्हणून विकले जाते, वस्तुतः ते साडेएकोणचाळीस गुंठे भरते. पोटखराबा म्हणजे क्रमांकातील लागवडीस अयोग्य क्षेत्र. त्याचा ‘अ’ वर्ग खडकाळ किंवा तत्सम कारणाने पडीक धरलेल्या भागाचा, तर ‘ब’ वर्ग रस्ता, नाला अशा सार्वजनिक उपयोगाखालच्या भागाचा असतो, आणि डोंगरउताराच्या मुळशीत हे आकडे नगण्य नसतात. ‘ब’ वर्गातील क्षेत्राचे पैसे मोजणारा खरेदीदार प्रत्यक्षात गावाच्या वाटेचे किंवा ओढ्याचे पैसे मोजत असतो.

भूधारणा पद्धतीचा रकाना लहान दिसतो, परंतु व्यवहाराचे भवितव्य पुष्कळदा तोच ठरवतो. भोगवटादार वर्ग 1 म्हणजे हस्तांतरणावर सर्वसाधारणपणे शासनाचे निर्बंध नसलेली धारणा, ज्याला जुन्या बोलीत ‘जुनी शर्त’ म्हणतात. वर्ग 2 किंवा ‘नवीन शर्त’ म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि बहुधा नजराणा भरल्याशिवाय विकता न येणारी धारणा. शासनाने वाटप केलेली जमीन, अनेक प्रकारची वतनजमीन, कमाल जमीनधारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरून वाटलेली जमीन आणि प्रकल्पग्रस्तांना पर्यायी म्हणून दिलेली जमीन यांचा समावेश सामान्यतः वर्ग 2 मध्ये होतो. देवस्थान इनामाची, म्हणजे वर्ग 3 ची जमीन देवाच्या नावे असते आणि वहिवाटदार, पुजारी किंवा विश्वस्त यांना ती आपल्या मालकीची म्हणून विकता येत नाही. अनुसूचित जमातीच्या खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर अधिनियमाच्या कलम 36-अ चे कडक निर्बंध आहेत, आणि सह्याद्रीच्या कुशीतील तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

मात्र केवळ आजच्या उताऱ्यावर ‘वर्ग 1’ असे छापलेले आढळले म्हणून निर्धास्त होणे योग्य नाही, कारण शर्त उताऱ्यावरून कधी आणि कोणाच्या आदेशाने गेली हे उतारा सांगत नाही. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना काही शेरे गळले, काही क्षेत्रे चुकली, आणि ती दुरुस्त करण्यासाठी चावडी वाचनाच्या मोहिमा घ्याव्या लागल्या. शिवाय जाणूनबुजून शेरा वगळल्याची प्रकरणेही महसूल खात्यासमोर आलेली आहेत. वर्ग 2 चा वर्ग 1 होण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश, नजराणा भरल्याचे चलन आणि त्याप्रमाणे प्रमाणित झालेला फेरफार अशी तीन पावले असावी लागतात, आणि त्यांतले एखादे गायब असल्यास उताऱ्यावरचा ‘1’ हा आकडा फारसा भरवशाचा नसतो.

उताऱ्याचा सर्वाधिक बोलका भाग म्हणजे ‘कूळ, खंड व इतर अधिकार’ हा उजवीकडचा रकाना. विकणारा भोगवटादाराच्या नावावर बोट ठेवतो. जाणकार वाचक आधी येथे पाहतो. विविध कार्यकारी सोसायटीकडून पीककर्ज घेताना सभासद जमिनीवर बोजा निर्माण करणारा जो इकरार लिहून देतो त्याची नोंद येथे होते, बँकेचे गहाण येथे येते, दिवाणी दाव्याचा किंवा मनाई हुकुमाचा उल्लेख येथे असू शकतो, विहिरीतील पाण्याचा हिस्सा आणि रस्त्याचा हक्कही येथेच लिहिलेला असतो. कर्ज फिटले तरी बोजा कमी करण्याचा फेरफार झालेला नसणे ही अगदी नित्याची गोष्ट आहे. ती संस्थेच्या दाखल्याने सुटते. प्रकल्पांशी संबंधित शेरे मात्र इतक्या सहजासहजी सुटत नाहीत.

मुळशी तालुक्याला भूसंपादन नवे नाही. टाटा कंपनीच्या जलविद्युत धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली 1921 मध्ये सुरू झालेला मुळशीचा सत्याग्रह हा मुळात शेतकऱ्याची जमीन त्याच्या संमतीविना घेण्याच्या अधिकाराला दिलेले आव्हान होते. त्यानंतरच्या शतकात पाटबंधारे, औद्योगिक क्षेत्र आणि महामार्ग अशा निरनिराळ्या कारणांनी निरनिराळ्या कायद्यांखाली जमिनी घेतल्या गेल्या, आणि प्रत्येक कायद्याने सातबाऱ्यावर आपापली भाषा आणली. ‘म.औ.वि.म. कलम 32(2)’ असा शेरा असल्यास महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, 1961 याखाली संपादनाची नोटीस निघालेली आहे असे समजावे. कलम 32(1) ची अधिसूचना ही पुढची व निर्णायक पायरी असते. मुळशी-मावळातून जाणाऱ्या पुणे वर्तुळाकार रस्त्यासाठीची संपादने पुन्हा वेगळ्या कायद्याखाली आहेत. ‘पुनर्वसनासाठी राखीव’ किंवा ‘हस्तांतरणास बंदी’ असा शेरा बहुधा धरणाच्या लाभक्षेत्रातील जमिनीवर असतो. धरणामुळे ज्यांच्या शेताला पाणी मिळणार, त्यांच्या ठरावीक मर्यादेबाहेरील जमिनीचा काही हिस्सा विस्थापितांसाठी घ्यायचा, असे प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या कायद्यांचे सूत्र होते, आणि तोपर्यंत ती विकली जाऊ नये म्हणून हा शेरा मारला गेला. पुढे कित्येक ठिकाणी तेवढी जमीन घेण्याची गरज उरली नाही, पण शेरा राहिला. तो काढण्याचा आदेश झालेला नसताना ‘हा जुना शिक्का आहे, त्याला आता अर्थ नाही’ असे तोंडी सांगितले जाते; अर्थ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार विकणाऱ्याला नसतो.

याहून अवघड परिस्थिती शेराच नसण्याची आहे. जमीन संपादित झाली, निवाडा जाहीर झाला, मोबदला दिला गेला, पण संपादित क्षेत्र मूळ क्रमांकातून वजा करणारे कमी-जास्त पत्रक, ज्याला महसुली व्यवहारात ‘कजाप’ म्हणतात, भूमी अभिलेख कार्यालयात तयारच झाले नाही किंवा त्याचा अंमल तलाठी दप्तरी आला नाही, तर सातबारा पूर्वीचेच क्षेत्र पूर्वीच्याच नावावर दाखवत राहतो. अशा उताऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी असेल, तो त्याच सकाळी काढलेला असेल, आणि तरीही त्यावरचे काही गुंठे जलाशयाच्या पाण्याखाली किंवा कालव्याच्या भरावाखाली असू शकतात. धरणालगतची, कालव्यालगतची किंवा मोठ्या रस्त्यालगतची जमीन घेताना संपादन निवाडा, कजाप आणि आकारबंद हे तिन्ही पाहावेत, हा आग्रह यासाठी आहे. आकारबंद म्हणजे गावातील प्रत्येक क्रमांकाचे क्षेत्र आणि आकार यांची मूळ नोंदवही. तिचे आणि सातबाऱ्याचे क्षेत्र जुळले नाही तर चूक शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

येथवर उताऱ्याच्या दर्शनी भागाचा विचार झाला. अधिकार अभिलेखाचा खरा इतिहास मात्र गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतो. सातबाऱ्यावर नावाशेजारी जे क्रमांक दिसतात ते या नोंदवहीतील नोंदींचे असतात. खरेदी, वारसा, वाटणी, बक्षीस, न्यायालयाचा हुकूमनामा अशा कोणत्याही कारणाने हक्क बदलला की तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, नोंद घेतात, संबंधितांना नोटीस काढली जाते, हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते, हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, आणि अखेरीस मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित किंवा रद्द करतात. सातबारा हा या सर्व प्रक्रियेचा निकाल आहे. फेरफार हा पुरावा आहे. म्हणून उताऱ्यावरील सर्व फेरफारांच्या नकला, ‘जुने फेरफार’ म्हणून खाली दिलेल्या क्रमांकांसह, काढून त्या सर्वांत जुन्यापासून आजच्यापर्यंत क्रमाने वाचणे, ही जमीनखरेदीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित सावधगिरी आहे.

वकिलांच्या शोध अहवालात 30 वर्षांचा काळ तपासण्याचा प्रघात आहे. गहाण सोडवण्याच्या दाव्याची मुदत, शासनाच्या स्थावर हक्काच्या दाव्याची मुदत अशा मुदत कायद्यातील मोठ्या मर्यादा 30 वर्षांच्या असल्याने हा प्रघात निराधार नाही. परंतु महाराष्ट्रातील शेतजमिनीवरचे महत्त्वाचे निर्बंध त्याहून जुने आहेत. कूळकायद्याने, म्हणजे 1948 च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने, 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरवला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे मानीव खरेदीदार झाले. कलम 32-ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवायची, ती भरल्यावर कलम 32-म चे प्रमाणपत्र द्यायचे, आणि अशी जमीन पुढे कलम 43 प्रमाणे परवानगीशिवाय विकायची नाही, अशी ही साखळी होती. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असल्यास कुळाची खरेदी लांबणीवर पडे. आजच्या सातबाऱ्यात त्या कुळाचा मागमूस नसला, तरी 1950 च्या दशकातील फेरफारात किंवा जुन्या बाराच्या उताऱ्यातील ‘रीत’ आणि ‘जमीन करणाराचे नाव’ या रकान्यांत तो सापडू शकतो. 2014 च्या दुरुस्तीने खरेदीनंतर 10 वर्षे उलटलेल्या कुळाच्या जमिनीसाठी आकाराच्या 40 पट रक्कम भरून व्यवहार मोकळा करण्याची सोय केली. ज्या जमिनीचा आकार काही रुपयांत आहे आणि भाव कोटींत, तिच्यासाठी ही रक्कम इतकी किरकोळ आहे की ती न भरता राहिलेली जमीन पाहून आश्चर्य वाटावे. तरीही अशी उदाहरणे आढळतात, आणि बहुधा त्यामागे रकमेपेक्षा वारसांमधील बेबनाव असतो.

वारसा हा फेरफार नोंदवहीतील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुखरा विषय आहे. खातेदार मरण पावल्यावर सर्व वारसांची नावे लागणे अपेक्षित असताना दीर्घकाळ थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लावले जाई आणि इतरांचे हक्क त्या तीन अक्षरांच्या आड झाकले जात. अज्ञान वारसाच्या बाबतीत ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असे लिहून चुलत्याचे नाव येई. पुढे कोणी तरी ती अक्षरे गाळून नक्कल केली की कुटुंबाचा व्यवस्थापक कागदोपत्री एकटा मालक होऊन बसे. बहिणींची गत याहून वाईट होती. त्यांची नावे वारस नोंदीत एक तर येतच नसत, किंवा भोगवटादार सदरी न लावता ‘इतर हक्कात’ ढकलली जात. लग्नात खर्च झाला म्हणून त्यांचा हिस्सा संपला, असा समज गावोगाव होता आणि पुष्कळ ठिकाणी आजही आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 रोजी असे स्पष्ट केले, की त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही; 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व हस्तांतरणे मात्र अबाधित राहिली. हिंजवडीच्या आसपास जमिनीचे भाव चढल्यानंतर विवाहित बहिणींचे दावे वाढले तर त्याला लोभ म्हणणे अन्यायाचे आहे. हक्क आधीपासून होता, केवळ त्याची किंमत आता दिसू लागली. खरेदीदाराच्या दृष्टीने एवढेच महत्त्वाचे, की वारसाच्या फेरफाराशी वंशावळ ताडून पाहावी आणि ज्या बहिणीचे नाव कमी झाले असेल तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागावे. ‘संमती आहे’ असे लिहिलेला साधा जबाब त्याची जागा घेऊ शकत नाही. शासनाने 2025 मध्ये मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम हाती घेतली, यावरून मृतांच्या नावे चालू असलेल्या उताऱ्यांचा प्रश्न किती व्यापक होता याची कल्पना यावी.

फेरफार मालकी निर्माण करीत नाही, ती केवळ महसुली प्रयोजनासाठीची नोंद आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या दशकापासून वारंवार सांगितले आहे. मग नोंदणीकृत खरेदीखत तरी मालकी सिद्ध करते काय? नोंदणी अधिनियम, 1908 प्रमाणे दुय्यम निबंधक पाहतात ते दस्त लिहून देणारी व्यक्ती तीच आहे काय आणि तिने तो लिहून दिल्याचे कबूल केले काय, एवढेच. विकणाऱ्याकडे विकण्याजोगा हक्क आहे काय, याचा न्यायनिवाडा करणे हे त्यांचे काम नाही. तमिळनाडूमधील एक नियम, ज्यान्वये हक्काचा पुरावा नसल्यास नोंदणी नाकारता येत होती, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये याच तत्त्वावर रद्दबातल ठरवला. पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे 40 एकर महार वतनाच्या जमिनीचा दस्त नोंदला गेल्यावर 2025 च्या अखेरीस जो गदारोळ झाला, त्याने नोंदणी आणि हक्क यांतील ही दरी सामान्य वाचकालाही दाखवली. महार वतनासारखी कनिष्ठ गाववतने 1958 च्या कायद्याने रद्द होऊन जमिनी पूर्वीच्या वतनदारांना निर्बंधांसह परत देण्याची तरतूद झाली. त्या निर्बंधांकडे दुर्लक्ष करून केलेला दस्त कितीही नीटनेटका असला तरी तो पोकळ असतो. सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहणे आवश्यक आहे, कारण त्यावरून एकच जमीन दोघांना विकली गेली काय किंवा साठेखत, म्हणजे विक्रीचा नोंदणीकृत करार, आधीच कोणाशी झाले आहे काय हे कळते. परंतु तीही घडलेल्या दस्तांची यादी आहे, हक्काचे प्रमाणपत्र नव्हे.

दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स याने 1858 मध्ये वेगळी वाट काढली : नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि नोंदवहीच्या चुकीने कोणाचे नुकसान झाले तर भरपाई सरकारी निधीतून. भारतात अशी हमी देणारी पद्धत आणता येईल काय, याचा अभ्यास नियोजन आयोगासाठी पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस केला आणि तिची शिफारस केली. संगणकीकरण झाले, 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले, 2021 पासून ई-पीक पाहणी आली. हमी मात्र आली नाही. उतारा मिळण्याची गती वाढली म्हणून त्याची कायदेशीर जातकुळी बदलत नाही, ही गोष्ट भ्रमणध्वनीवर सातबारा पाहणाऱ्या पिढीला मुद्दाम सांगावी लागते.

काही कागदांचा उल्लेख केवळ गोंधळ टाळण्यासाठी करावा लागतो. गाव नमुना आठ-अ हा महसुली खाते उतारा आहे आणि तो एका खातेदाराची गावातील सर्व जमीन दाखवतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हे निराळेच प्रकरण असून ती घरपट्टीच्या आकारणीची यादी आहे. शेतघर किंवा गावठाणाबाहेरचे बांधकाम विकताना दुसरा उतारा पहिल्याच्या थाटात पुढे केला जातो, आणि करआकारणी झाली म्हणजे बांधकाम अधिकृत ठरले असा भास निर्माण होतो. अकृषिक वापराबाबत अधिनियमाच्या कलम 42-ब, 42-क व 42-ड यांनी बरीच सुलभता आणली, तरी ‘एनए होणार आहे’ आणि ‘एनए आहे’ यांतील अंतर लेखी कागदांनीच मोजले जाते. झोन दाखल्यावरील तारीखही पाहावी : पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप विकास आराखडा शासनाने 2025 मध्ये रद्द केला, त्यामुळे त्याच्या आधारे दाखवलेले निवासी पट्टे पुन्हा तपासणे भाग आहे. जमीन शेतीची राहिली तर खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो, ही कूळकायद्याच्या कलम 63 ची अट आहेच.

शेवटी प्रश्न उरतो तो कागदावरील क्षेत्र जमिनीवर नेमके कोठे आहे हा. एकत्रीकरण योजना राबवलेल्या गावांत जुन्या सर्व्हे क्रमांकांचे गट झाले. कोणता तुकडा कोणत्या गटात गेला हे योजनेच्या 9(3) व 9(4) या तक्त्यांवरून कळते, आणि योजनेपूर्वीचा फेरफार तपासायचा तर त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. सामाईक खात्यातील पाच-दहा गुंठे विकत घेणाऱ्यास गटाच्या ठरावीक कोपऱ्यावर हक्क मिळत नाही, त्याला अविभक्त हिस्सा मिळतो. विकणाऱ्याने चुन्याच्या रेघा मारून दाखवलेला कोपरा इतर सहधारकांवर बंधनकारक नसतो, आणि प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा असल्यास तुकडेबंदीचा 1947 चा कायदा वेगळाच अडथळा आणू शकतो. गटात पोटहिस्से पडलेले असतील तर त्यांचा फाळणी नकाशा आहे काय, की ते केवळ सातबाऱ्यावर पडले आहेत, हे विचारावे. हद्द कायम मोजणीसाठी उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे खातेदारामार्फत अर्ज करता येतो. मोजणीपूर्वी लगतच्या धारकांना नोटिसा जातात, आणि मोजणीच्या दिवशी बांधावर उभ्या राहिलेल्या शेजाऱ्याने नोंदवलेली हरकत पुष्कळदा असा वाद उघड करते, जो एकाही नोंदवहीत आलेला नसतो. मोजणीनंतर मिळणाऱ्या ‘क’ प्रतीवर अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेल्या असतात. या दोन रेषांमध्ये अंतर निघाल्यास किंमत कोणत्या रेषेतील क्षेत्राची द्यायची आणि चतुःसीमा कोणत्या लिहायच्या, हे इसाराची रक्कम हातातून जाण्यापूर्वी उभय पक्षांनी लेखी ठरवावे लागते.